ओर्व्हिएतोला पाठवलेले सतरा प्रश्न

प्रवासाला निघण्याआधी चौकशी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण ज्या गावाला जायचं त्या गावालाच प्रश्नपत्रिका पाठवून, आलेल्या उत्तरांना लाल शाईनं गुण देऊन, जे पास होईल तिथेच पाऊल टाकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या यांची आत्या, नात्यानं माझ्या आत्येसासूबाई. पंचवीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून, लग्नाच्या भानगडीत न पडता, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दुधावर संशोधन करायची शिष्यवृत्ती मिळवून त्या जर्मनीत आल्या. या वयात हे कसलं खूळ, असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं, तेव्हा "दुधाला माझं वय कळत नाही," एवढंच त्यांनी उत्तर दिलं आणि ट्रंक भरायला घेतली.

आमचे हे तेव्हा म्युनिकला यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करत होते. लग्नानंतर सहा महिन्यांनी मी बोटीनं त्यांच्यामागोमाग आले. एकसष्ट साल होतं. एका विधवा जर्मन बाईच्या घरात तिसऱ्या मजल्यावर आम्हांला एक खोली आणि तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा डावा अर्धा भाग मिळाला होता. आत्याबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या संस्थेजवळ राहायच्या आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या दारात उभ्या असायच्या. पाचवारी पातळ, त्यावर पुरुषी घाटाचा तपकिरी कोट, पायांत लोकरीचे मोजे आणि डोंगर चढणाऱ्यांचे बूट. घरमालकीणबाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आपोआप बाजूला झाल्या.

आत्याबाईंचा काटकसरीवर विश्वास होता असं म्हणणं म्हणजे माशाचा पाण्यावर विश्वास असतो असं म्हणण्यासारखं आहे. आलेल्या पत्राचं पाकीट त्या केटलीच्या वाफेवर अलगद उकलायच्या, उलटं करून पुन्हा डकवायच्या आणि त्यातूनच उत्तर धाडायच्या. एकदा त्यांनी संस्थेच्या संचालकांना रजेचा अर्ज पाठवला, तो संचालकांच्याच आधीच्या पत्राच्या पाकिटातून. मी हसले तर म्हणाल्या, "त्यांना त्यांची वस्तू परत मिळाली. यात हसण्यासारखं काय आहे?" कॅफेत कॉफीबरोबर आलेलं दूध त्या आधी हुंगायच्या, मग जिभेच्या टोकाला लावायच्या आणि वेट्रेसला शांतपणे सांगायच्या, "हे परवाचं आहे. गाईला मुरवलेला चारा घातलेला आहे." वेट्रेस घाबरून मालकाला बोलवायची. आत्याबाईंना तक्रार करायचीच नसायची. त्यांनी फक्त माहिती दिलेली असायची. जर्मनमधला त्यांचा लाडका शब्द होता 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. तो त्या मराठी बोलतानाही वापरायच्या आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच वाक्याला उद्देशून वापरायच्या.

हिवाळ्यात खोलीतली शेगडी पेटवायला कोळशाच्या विटा लागत. आत्याबाईंनी शोधून काढलं, की शहरात रोज कुठे ना कुठे फुकट व्याख्यान असतं आणि सभागृह गरम असतं. त्या एका हिवाळ्यात त्यांनी बायझंटाईन नाणी, आल्प्समधलं शेवाळं, घंटांचे धातू आणि मधमाश्यांचे आजार एवढ्या विषयांवरची व्याख्यानं ऐकली. विषय त्या बघतच नसत, तापमान बघत. पण एकदा बसल्या की टिपणं पूर्ण काढायच्या आणि शेवटी एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय उठायच्या नाहीत. मधमाश्यांच्या व्याख्यात्याला त्यांनी चाळीस मिनिटं थांबवून ठेवलं होतं, असं मला नंतर कळलं. त्या वेळी बाहेर उणे चौदा होतं.

मला त्यांची भीती वाटायची, हे लपवण्यात अर्थ नाही. 'अहो आत्याबाई' म्हणून मी चहा पुढे करायची आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू परीक्षानळीत काय आहे ते ओळखतायत.

बासष्टच्या जानेवारीत माझं पोटातलं, पाचव्या महिन्याचं बाळ गेलं. एवढंच लिहिते, कारण त्या वेळीही कुणी याहून जास्त बोललं नाही. घरून आलेल्या पत्रांत देवाची इच्छा होती. हे प्रयोगशाळेतून यायचे, जेवायचे, माझ्याकडे बघायचे आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून "उद्या बर्फ आहे म्हणतात," असं म्हणायचे. मी खिडकीशी बसून असायची. बाहेर जायचं म्हटलं की तीन मजले उतरायचे आणि परत चढायचे, या विचारानंच अंगातलं बळ जायचं. आत्याबाई रविवारी येत राहिल्या. झाल्या गोष्टीचा त्यांनी एका शब्दानंही उल्लेख केला नाही आणि मला त्याचा मनातून फार राग यायचा. पिशवीतून दुधाची बाटली काढून टेबलावर ठेवायच्या, "आजचं आहे, उकळू नकोस," म्हणायच्या आणि मी ते पिऊन संपवेपर्यंत समोर बसून वर्तमानपत्र वाचायच्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाटली न काढताच त्या म्हणाल्या, "कोट घाल. व्याख्यान आहे. सभागृह नवीन बांधलंय, प्रत्येक रांगेला रेडिएटर आहे." नाही म्हणण्याचं धैर्य मला नव्हतं. व्याख्यान इटलीतल्या ओर्व्हिएतो नावाच्या गावावर होतं. एक वयस्क प्रोफेसर पडद्यावर चित्रं दाखवत होते. सपाट खोऱ्यातून एकदम उठलेला उभा कातळ, त्याच्या माथ्यावर बसवलेलं गाव आणि गावाच्या मध्यभागी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं कॅथीड्रल, ज्याचा दर्शनी भाग सोन्यासारखा चमकत होता. आमच्या रस्त्यावरचं राखाडी बर्फ सोडून मी कितीतरी दिवसांनी काहीतरी बघत होते. बहुधा मी खुर्चीत पुढे झुकले असेन. आत्याबाई त्या दिवशी टिपणं काढत नव्हत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

व्याख्यान संपलं. कुणी शिल्पांबद्दल विचारलं, कुणी पोपबद्दल. मग आत्याबाई उठल्या आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाल्या, "हेर प्रोफेसर, तिथे दोन बायकांना पाच दिवस स्वस्तात राहायला कुठे मिळेल?" सभागृहातली सगळी डोकी एकदम मागे वळली. तासभर तेराव्या शतकावर बोललेल्या त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि कबूल केलं, की आपण नेहमी तिथल्या एका स्नेह्यांकडे उतरतो. "म्हणजे यांना ठाऊक नाही," आत्याबाई मला मराठीत म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"दोन बायका कोण?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"तू आणि मी. त्याला राहू दे त्याच्या यंत्रापाशी."

पुढच्या रविवारी कुठल्याशा इटालियन कचेरीतून मिळवलेली हॉटेलांची यादी त्यांच्या पिशवीत होती. ज्यांच्या नावापुढे चार तारे होते ती त्यांनी पहिल्या झटक्यात खोडली. ज्यांनी कॅथीड्रलचं दर्शन घडवणाऱ्या खिडकीची जाहिरात केली होती तीही खोडली. "देऊळ बाहेर जाऊन फुकट दिसतं. खिडकीतून दिसण्याचे पैसे घेतात आणि आपण रात्री डोळे मिटून झोपणार." शेवटी अकरा उरली. त्या अकरांसाठी सतरा प्रश्नांचं एक पत्र जर्मनमध्ये तयार झालं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ते अकरा वेळा उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं.

ते प्रश्न मला अजून जवळजवळ पाठ आहेत. पलंग मधोमध खचलेला आहे काय, असल्यास किती. खोलीत स्पिरिटचा स्टोव्ह पेटवून भात शिजवता येईल काय. चर्चची घंटा पहाटे केव्हा आणि किती वेळ वाजते. अंथरुणं आमची आम्ही घातली तर दर किती उतरेल. आंघोळीला बादली आणि तांब्या मिळेल काय. तांब्या त्या लोकांना कळणार नाही म्हणून सोबत त्याचं चित्र होतं, तेही मीच अकरा वेळा काढलं. अकरावा प्रश्न असा होता: 'आमच्यापैकी एका बाईला जिने चढवत नाहीत. खोली तळमजल्यावर आहे काय, आणि तिथून कॅथीड्रलपर्यंत सपाट रस्त्यानं जाता येतं काय?' ती ओळ लिहिताना मला आत्याबाईंविषयी पहिल्यांदाच थोडी माया वाटली. बावन्न वर्षांच्या बाई, परक्या देशात एकट्या.

"गुडघे फार दुखतात का हो?" मी विचारलं.

"कुणाचे?"

"तुमचे."

"तू लिही पुढे," त्या म्हणाल्या.

अकरांपैकी सहांनी उत्तर दिलं नाही. तिघांनी छापील पत्रकं पाठवली, त्यांना आत्याबाईंनी शून्य दिलं. एकानं कळवलं, की आमच्याकडे पुढची काही वर्षं जागा शिल्लक नाही. अकराव्याचं उत्तर मात्र चौकटीच्या वहीच्या कागदावर, पेन्सिलीनं, जर्मनमध्ये लिहिलेलं होतं आणि सतराच्या सतरा प्रश्नांना उत्तर होतं. 'पलंग सरळ. खोलीत स्वयंपाक सक्त मना. स्वयंपाकघर खाली. तिथे माझी आई. घंटा सहाला. सगळे उठतात. अंथरूण आम्ही घालणार. तुम्ही हात लावायचा नाही. खोली तळमजला. रस्ता सपाट. बाई चालेल. सोमवारी हजर व्हा. वेळेवर.' आत्याबाई खूश झाल्या. "याला म्हणतात उत्तर. या भाषेत पाणी घातलेलं नाही," म्हणाल्या आणि सतरापैकी सोळा गुण दिले. एक गुण कापला तो भाताचा. मग दरावरून आणखी दोन पत्रं गेली. दुसऱ्याला जवाब आला: 'दर कमी केला. आता प्रश्न बंद.'

त्यातला एक शब्द मला लागेना म्हणून मी ते पहिलं पत्र घरमालकीणबाईंना दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं आणि वाचता वाचता स्टुलावर बसल्या. "हा माणूस लढाईत इकडे असणार," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या कारखान्यात इटालियन कैदी कामाला होते. त्यांच्याशी असंच बोलायचे. सकाळी त्यांना या रस्त्यानं न्यायचे, तेव्हा ऐकू यायचं." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी पडदा ओढून घ्यायची," म्हणाल्या आणि पत्र माझ्या हातात देऊन ओट्याकडे वळल्या. मी हे आत्याबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते लाल शाईचे गुण असलेलं पत्र मागून घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि आपल्या पिशवीत ठेवून दिलं. पुढच्या कुठल्याही पत्राला त्यांनी गुण दिले नाहीत.

ईस्टरची गर्दी संपून दर उतरले त्या आठवड्यात आम्ही निघालो. हे स्टेशनवर सफरचंदांची पिशवी घेऊन आले होते. "आत्या, हिला सांभाळ गं," ते म्हणाले. "तिला काय सांभाळायचंय? ती काही बॅग आहे का?" आत्याबाई म्हणाल्या आणि डब्यात चढल्या. फ्लोरेन्सला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओर्व्हिएतोच्या स्टेशनावर उतरलो. स्टेशन कातळाच्या पायथ्याशी होतं आणि वर गावात न्यायला रुळांवरून चढणारा एक डबा होता. तो पाण्याच्या वजनावर चालतो असं समजताच आत्याबाईंनी चालवणाऱ्याला गाठून असे काही हातवारे केले, की त्यानं त्यांना टाकी दाखवली. डबा त्या दिवशी उशिरा सुटला.

हॉटेलच्या दाराशी चाळिशीच्या पुढचा एक सडपातळ माणूस इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा होता. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. त्यानं पुढे होऊन माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "आत. लवकर. बूट पुसा." शब्द हेच, पण आवाज इतका हळू आणि मऊ, की झोपलेल्या मुलाच्या उशाशी बोलावं. जेवायला बसल्यावर सूप पुढे ठेवून तो "लोस, लोस," म्हणाला. कैद्यांना हाकताना 'चला, हला' म्हणून वापरायचा तो शब्द. हा माणूस तो असा म्हणत होता, जसं आपल्याकडे 'घ्या ना, लाजू नका' म्हणतात.

खोलीत पलंग सरळ होता. कोपऱ्यात नवी कोरी जस्ताची बादली होती आणि बादलीत एक तांब्या होता. माझं चित्र गावातल्या तांबटाला दाखवून त्यानं तो मुद्दाम घडवून घेतला होता. चित्रात आम्ही कान दाखवला नव्हता; पण बिनकानाचं भांडं माणसं कशी धरतील हे त्याला पटलं नसावं, म्हणून त्यानं आपल्या मनानं एक मोठा कान लावून घेतला होता. आत्याबाईंनी तो तांब्या हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "याला वरचा एक गुण द्यायला हवा होता," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खालच्या स्वयंपाकघरात भाताचा मोठा प्रसंग झाला. त्याची आई म्हणजे काळ्या कपड्यांतली गोलमटोल म्हातारी. तिला एकही जर्मन शब्द येत नव्हता, आणि आत्याबाईंना इटालियन. तिनं आमचे तांदूळ पातेल्यात टाकले आणि लाकडी डावानं ढवळायला लागली. आत्याबाईंनी तिचा हात धरला. भात ढवळायचा नसतो, त्यावर झाकण ठेवायचं असतं, हे त्यांनी मराठीत सांगितलं. तांदूळ ढवळला नाही तर तो रागावतो, असं काहीतरी म्हातारीनं आपल्या भाषेत सांगितलं. दहा मिनिटं दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकमेकींचं बरोबर समजत होत्या. शेवटी दोन पातेली चढली. मी दोन्ही भात खाल्ले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच मी पुन्हा वाढून घेतलं ते त्या दिवशी. आत्याबाईंनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तिसऱ्या संध्याकाळी एक जर्मन जोडपं खोली मागायला आलं. मालक उठून उभा राहिला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "पासपोर्ट. इथे सही. वर जा." ते नवराबायको एकमेकांकडे पाहत राहिले. मग नवऱ्यानं बॅग उचलली आणि दोघं निघून गेले. मालक तसाच उभा होता. हे पहिल्यांदा होत नसावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. आत्याबाईंनी समोरची खुर्ची ओढली आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, "बसा. वही आणा." वही आली. आत्याबाईंनी पहिल्या ओळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बिट्टे'. म्हणजे 'कृपा करून'.

"हा शब्द मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तिकडे मला तो कुणी म्हटला नाही. म्हणून कुठे लावायचा ते ठाऊक नाही."

आत्याबाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "तर मग," शेवटी त्या म्हणाल्या, "तो सुरुवातीला लागतो, मध्ये लागतो, शेवटीही लागतो. कुठेही लावा. चूक होत नाही." मग त्यांनी त्याला दीड तास शिकवलं. कृपा करून बसा. कृपा करून आपला पासपोर्ट. कृपा करून आणखी सूप. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती आणि मुलानं वाक्य बरोबर म्हटलं की मान हलवत होती.

चौथ्या दिवशी आम्ही गावाच्या टोकाला असलेली जुनी विहीर बघायला गेलो. प्रचंड खोल गोल विहीर आणि तिच्या भिंतीतून खाली उतरणारे दोन वेगवेगळे जिने, एक जायचा, एक यायचा. "तू इथे बाकावर बस," आत्याबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या. थोड्या वेळानं मी चारपाच पायऱ्या उतरून पहिल्या झरोक्यातून डोकावले. समोरच्या झरोक्यांतून तो तपकिरी कोट दिसत होता. एका झरोक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, थांबायचं नाव नाही. तळाच्या छोट्या पुलावरून तो पलीकडे गेला आणि त्याच वेगानं दुसऱ्या जिन्यानं वर यायला लागला. मी बाकाशी परत आले तोवर आत्याबाई दुसऱ्या दारातून बाहेर आल्या होत्या. पदर नीट करत म्हणाल्या, "दोनशे अठ्ठेचाळीस पायऱ्या." त्यांना साधा दमही लागला नव्हता.

"आत्याबाई, तुमचे गुडघे," मी म्हणाले.

"काय झालं त्यांना?"

"मी अकरा वेळा लिहिलं ना, आमच्यापैकी एका बाईला जिने चढवत नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मग? चढवतात का तुला? तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येताना तू दोनदा थांबतेस. एकदा कुंडीपाशी आणि एकदा खिडकीपाशी. मी तुझ्या मागूनच चढत असते."

मी त्या बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. तिकिटं देणारा माणूस खिडकीतून बघायला लागला. आत्याबाई माझ्यासमोर उभ्या होत्या आणि हाताचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून मार्गदर्शिका काढली आणि जर्मनमध्ये मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ही विहीर एका पोपच्या हुकमावरून खणली. पाणी आणायला खेचरं जात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या खेचरांची वाटेत गाठ पडू नये म्हणून जिने दोन. त्यांनी अशी दोन पानं वाचली. माझं रडणं थांबेना, तेव्हा पुस्तक मिटून त्या शेजारी बसल्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कुणालाच बोलता येत नाही. तुझा नवरा माझ्या हाताखाली वाढलाय, त्यालाही येत नाही. रोज प्रयोगशाळेतून मला फोन करून विचारतो, आज काय बोलू तिच्याशी. मला तरी कुठे ठाऊक आहे. तू आमच्यावर विसंबू नकोस. तू बोल."

मी बोलले. तासभर बोलत होते. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ज्या बाईंनी मधमाश्यांच्या माणसाला चाळीस मिनिटं सोडलं नाही, त्यांनी त्या तासात मला एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी सावली बाकापर्यंत आली तेव्हा म्हणाल्या, "चल, म्हातारीनं तांदूळ ढवळायच्या आत पोचायला हवं." म्युनिकला परत आल्यावर मी आमच्या जिन्यात एकदाच थांबले.

त्या वर्षीच्या नाताळात हॉटेलमालकाचं कार्ड आलं. तीन ओळींत पाच वेळा 'बिट्टे' होतं आणि पाचही जागा चुकलेल्या होत्या. आत्याबाईंनी ते आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. पुढच्या शरदात त्यांची शिष्यवृत्ती संपली. जिनोआहून बोट होती. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. हे ट्रंक चढवत होते आणि मी काय बोलावं म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "आता जा. गाडी हलेपर्यंत उभं राहून काय मिळणार?" आम्ही गाडी हलेपर्यंत उभे राहिलो. त्यांनी हात हलवला नाही, पण खिडकी लावून घेतली नाही, आणि बाहेर चांगली थंडी होती.

एडनहून त्यांचं पत्र आलं. त्यात बोटीवरच्या दुधाबद्दल दीड पान होतं आणि शेवटी असं होतं: 'इथे सगळं आधीच ठरलेलं असतं. जेवणाची वेळ, झोपायची जागा, किनारा केव्हा येणार तेसुद्धा. कुणासाठी काही विचारून ठेवायचं उरलेलं नाही, त्यामुळे हात रिकामे वाटतात.'

मला तेव्हा तिसरा महिना होता आणि भीतीपोटी आम्ही अजून कुणालाच कळवलं नव्हतं. संध्याकाळी मी यांना विचारलं, "आत्याबाईंना सांगू का?" हे म्हणाले, "सांग. माझ्याच्यानं लिहून होणार नाही." मग मी लिहिलं, की बाळंतपण इथेच करायचं आहे, सांगायला जवळ मोठी बाई कुणी नाही, काय खावं, काय करावं, काय टाळावं, मला काही ठाऊक नाही, तुम्ही विचारून कळवाल का?

उत्तर यायला दीड महिना लागला. आत्याबाईंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुण्यात ज्या ज्या ओळखीच्या घरी म्हातारी बाई होती, तिथे जाऊन, चहाला नको म्हणून, वही उघडून त्या विचारून आल्या होत्या. आठ कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. डिंक मिळाला नाही तर काय घालावं, पाय सुजले तर कसं झोपावं, दूध केव्हा आणि किती प्यावं, सगळं होतं. माझं अभिनंदन करायला मात्र त्या विसरल्या होत्या. अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, एवढं लिहिलेलं होतं: 'भीती वाटली तर काय करावं, हेही सगळ्यांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. मला लिहीत जा.'